जमेची बाजू पडद्यावर, नावेची बाजू पडद्यामागे

गेल्या पाच-सहा वर्षांत घरच्या पडद्यावर पैशाच्या गोष्टींची आवक चांगलीच वाढली आहे. शेअरबाजाराचा दलाल, बनावट मुद्रांक छापणारा, खोट्या नोटा काढणारा चित्रकार, तिजोरीतली रोकड बाहेर नेणारा रोखपाल, परदेशी गेलेला हिरेव्यापारी आणि फोनवरून लुटणारी खेड्यातली पोरे, अशी ही मंडळी एकामागून एक आली. जुन्या हिंदी चित्रपटांतला शेठ हा बहुधा तिजोरीशेजारी बसलेला खलपुरुष असे, आणि त्याच्या वहीत काय लिहिले आहे हे प्रेक्षकाला कधी कळत नसे. आता वहीच गोष्टीचा विषय झाली आहे.

वाशी, तुर्भे, नेरूळ, खारघर या भागांतल्या व्यापारी कुटुंबांत या मालिका आवडीने पाहिल्या जातात, यात नवल नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकलेले असते, बाजार समितीतून आलेला माणूस दमलेला असतो आणि संध्याकाळ मोकळी असते. शिवाय दलाली, मुदत, उधारी, हुंडी, पत हे शब्द त्या घरांत लहानपणापासून कानावर पडलेले असतात. त्यामुळे अशा मालिकांत इतरांना जे समजावून सांगावे लागते, ते या प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. धोकाही तिथेच आहे. ओळखीच्या वातावरणात घडणारी चोरी फार लवकर हुशारी वाटू लागते.

म्हणून या महिन्यात अशा काही निवडक कलाकृती एकाच कसोटीवर पाहू. कसोटी जमाखर्चाची, म्हणजे द्विनोंदी पद्धतीची. एका खात्यात रक्कम जमा झाली, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलेली असलीच पाहिजे. चांगली मालिका दोन्ही बाजू दाखवते. बाकीच्या फक्त जमेची बाजू रंगवतात.

स्कॅम १९९२ : रंगत भरपूर, ताळेबंद अपुरा

सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली ही दहा भागांची मालिका या सगळ्या लाटेची सुरुवात मानता येईल. दिग्दर्शन हंसल मेहता यांचे, सहदिग्दर्शन जय मेहता यांचे, मुख्य भूमिका प्रतीक गांधी यांची. तिला आधार आहे तो देबाशिष बसू आणि सुचेता दलाल यांच्या १९९३ च्या पुस्तकाचा. हर्षद मेहता हे गुजराती जैन कुटुंबात जन्मलेले, त्यामुळे पडद्यावरचे ते घर, ती बोली, भावाभावांतला तो व्यवहार अनेकांना अगदी शेजारचा वाटला. प्रतीक गांधींचा अभिनय इतका सहज आहे की तो अभिनय आहे याचाच विसर पडतो.

मालिकेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सरकारी रोख्यांचा व्यवहार तिने सामान्य माणसाला कळेल असा मांडला. त्या काळी एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसा हवा असेल, तर ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकून ठरलेल्या दिवशी किंचित चढ्या भावाने परत घेण्याचा करार करी. याला रेडी फॉरवर्ड म्हणत. प्रत्यक्षात रोखे हलत नसत. विकणारी बँक फक्त एक पावती देई, तिचे नाव बँक रिसीट. रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात हाताने ठेवली जात असल्याने ती मागे पडलेली असे. या दोन बँकांच्या मध्ये दलाल उभा राहिला. एका बँकेचा धनादेश दुसऱ्या बँकेच्या नावाने निघे, पण रक्कम प्रथेने दलालाच्या खात्यात जमा होई, आणि परतफेडीच्या तारखेपर्यंत तो पैसा शेअरबाजारात फिरे.

पुढे तर रोखे नसतानाच पावत्या निघू लागल्या. अशा पावत्या देणाऱ्यांत महाराष्ट्रातली एक छोटी बँक होती, कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावाचे नाव लावणारी बँक ऑफ कराड. प्रकरण फुटल्यावर ती बुडाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने अडकलेल्या रकमेचा आकडा चार हजार कोटींच्या वर काढला. त्या काळचे चार हजार कोटी.

इथवर मालिका उत्तम आहे. पण तिची सहानुभूती कोणाकडे झुकते हे लपत नाही. नायक मोटारीतून उतरला की ते गाजलेले संगीत वाजते आणि प्रेक्षक नकळत त्याच्या बाजूने होतो. धोका पत्करण्याला प्रेमाची उपमा देणारे त्याचे वाक्य तर पुढे कित्येक तरुणांच्या फोनवर जाऊन बसले. मात्र १९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या घरात असताना ज्याने बायकोचे दागिने मोडून एसीसीचा शेअर नऊ हजारांच्या आसपास घेतला, त्या माणसाचे घर पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या खात्यात ती सारी रक्कम नावे पडली होती. खुद्द हर्षद मेहतांना विशेष न्यायालयाने १९९९ मध्ये शिक्षा सुनावली आणि ३१ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते कोठडीत असतानाच वारले. हा शेवटही मालिकेत हळहळीच्या सुरात येतो.

या कथेतली खरी कर्तबगार व्यक्ती सुचेता दलाल हीच आहे. श्रेया धन्वंतरी यांनी ती भूमिका नेटकी केली आहे. २३ एप्रिल १९९२ च्या टाइम्स ऑफ इंडियात त्यांची बातमी आली, ती बँकेच्या वहीत दिसणाऱ्या तफावतीतून निघाली. कागद वाचता येणारी, आकडा जुळेपर्यंत न थांबणारी ही मुलगी घरातल्या मुलींना मुद्दाम दाखवावी अशी आहे. सनदी लेखापालाचा अभ्यास करणाऱ्या मुला-मुलींनी तर हिच्यासाठीच ही मालिका पाहावी.

याच कथेवर २०२१ मध्ये 'द बिग बुल' हा अभिषेक बच्चन यांचा चित्रपट हॉटस्टारवर आला. नावे बदलली, वेळ कमी झाला आणि नेमके रोख्यांचे गणितच गळाले. तो सोडला तरी चालेल.

या मालिकेचा परिणाम केवळ करमणुकीपुरता राहिला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. ती आली तेव्हा टाळेबंदीचा काळ होता, दुकाने अर्धवट उघडी होती आणि घरोघरी नवी डिमॅट खाती निघत होती. वडिलांचा घाऊक धंदा संथ वाटू लागलेल्या मुलाला फ्युचर्स-ऑप्शन्सचा रस्ता जवळचा वाटला. त्या रस्त्याचा हिशेब सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या विभागात व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी शेकडा ९३ जण तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. शंभर गाळ्यांच्या बाजारात ९३ गाळे तोट्यात असतील, तर कोणता बाप आपल्या मुलाला तिथे गाळा घेऊन देईल? मालिकेचा तिसरा-चौथा भाग संपल्यावर घरात हा आकडा एकदा मोठ्याने वाचला जावा.

स्कॅम २००३ : खानापूरचा कागद

दुसरा भाग २०२३ मध्ये दोन टप्प्यांत आला. दिग्दर्शक तुषार हिरानंदानी, नायक गगन देव रियार, आधार पत्रकार संजय सिंह यांच्या पुस्तकाचा. विषय अब्दुल करीम तेलगीचा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा हा माणूस. मराठी आणि कानडी शेजारी नांदणाऱ्या त्या गावातून निघून, रेल्वेत फळे विकण्यापासून त्याने सुरुवात केली आणि बनावट मुद्रांकांचा देशभर पसरलेला धंदा उभा केला. २००१ मध्ये तो पकडला गेला, २००६ मध्ये त्याला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २०१७ मध्ये बेंगळुरूला त्याचा मृत्यू झाला.

गगन देव रियार यांनी तेलगीला ना भव्य केले ना दीन केले. समोरच्याची गरज हेरणारा, नम्रपणे बोलणारा, वेळ येताच पाकीट पुढे सरकवणारा विक्रेता त्यांनी उभा केला आहे. मुद्रांकांची टंचाई, नाशिकच्या सरकारी छापखान्यातून भंगारात निघणारी यंत्रे आणि ती योग्य हाती पडावीत म्हणून झालेली तजवीज, हे भाग फार चांगले जमले आहेत. उत्तरार्ध मात्र रेंगाळतो. राजकारणी आणि पोलीस यांची ये-जा वाढते आणि कागद मागे पडतो.

बनावट मुद्रांकाच्या गुन्ह्यात एक विशेष आहे. त्यात फसलेल्या माणसाला आपण फसलो हे बहुधा कळतच नाही. दुकानाचा भाडेकरार झाला, सह्या झाल्या, व्यवहार सुरळीत चालला. शासनाचा महसूल बुडाला, पण शासनाला चेहरा नसल्याने त्याची हळहळ कोणाला वाटत नाही. पंधरा वर्षांनी वाद न्यायालयात गेला म्हणजे मग कागदाची परीक्षा होते. नावेची बाजू इतकी लांब ढकलता येते, हेच या धंद्याचे भांडवल होते. पुढे फ्रँकिंग आणि ई-मुद्रांक यांची पद्धत रुळली, तरी जुन्या गाळ्यांची आणि घरांची कागदपत्रे एकदा बाहेर काढून वकिलाला दाखवून ठेवावीत, एवढे शहाणपण या मालिकेतून घेण्यासारखे आहे.

फर्जी : खोट्या नोटेचे देखणे रूप

प्राइम व्हिडिओवर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली 'फर्जी' राज आणि डीके या जोडीची. शाहिद कपूर खोट्या नोटा काढणाऱ्या चित्रकाराच्या भूमिकेत, विजय सेतुपती त्याच्या मागावरच्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत. नायकाचे आजोबा अमोल पालेकर यांनी साकारले आहेत. कर्जात बुडालेले, पण आपले वृत्तपत्र आणि छापखाना न सोडणारे हे आजोबा या मालिकेतली सर्वांत सच्ची गोष्ट आहेत. नातवाने त्यांचाच छापखाना वाचवण्यासाठी त्याच छापखान्यात खोट्या नोटा छापाव्यात, यातली वेदना पालेकरांच्या चेहऱ्यावर संवादाविना उमटते. बाकी मालिका चलाख आणि वेगवान आहे. शिव्या मात्र इतक्या आहेत की वडीलधाऱ्यांसोबत बसून ती पाहता येणार नाही.

रोज रोकड हाताळणाऱ्या वाचकांसाठी इथे एक व्यवहाराची गोष्ट. पाचशेची खरी नोट तिरकी केली की तिच्यातील धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो, आणि दोन्ही कडांवरच्या पाच तिरक्या रेषा बोटाला उठावदार लागतात. गल्ल्यात एखादी खोटी नोट सापडली आणि बँकेत भरण्यास गेली, तर बँक ती परत देत नाही. तिच्यावर बनावट असा शिक्का मारून ती जप्त करते आणि भरणाऱ्याला पोच देते. ती पोच मागून घ्यावी. एका वेळच्या भरण्यात चारपर्यंत अशा नोटा निघाल्या, तर बँक महिन्याच्या अखेरीस पोलिसांना एकत्रित कळवते. पाच किंवा अधिक निघाल्या, तर लगेच पोलिसांत तक्रार नोंदवते. 'आपल्याला कोणीतरी दिली, आपणही पुढे देऊन टाकू' हा विचार अनेकांच्या मनात येतो. माहीत असून ती पुढे चालवणे हा गुन्हा आहे.

शास्त्राच्या दृष्टीनेही तो दोषच. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला एक आहे प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खपवणे. चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे आणि वजनमापात कमीजास्त करणे हे उरलेले चार. या लेखातल्या जवळजवळ प्रत्येक मालिकेतला नायक या पाचांपैकी किमान एका ओळीत बसतो. ही यादी करणाऱ्याने बाजारपेठ किती बारकाईने पाहिली असेल, याचे आश्चर्य वाटते.

लकी भास्कर : तिजोरीची दुसरी किल्ली

मूळ तेलुगू असलेला हा चित्रपट २०२४ च्या दिवाळीत आला आणि महिन्याभरात नेटफ्लिक्सवर पोचला. वेंकी अट्लुरी यांचे दिग्दर्शन, दुल्कर सलमान नायक. काळ १९८९ ते १९९२, स्थळ मुंबई, आणि भास्कर एका काल्पनिक बँकेचा रोखपाल. बढती हुकलेला, घरी माणसे खाणारी, गल्लीत देणेकरी, मुलाच्या वाढदिवशी अपमान. आठवड्याच्या शेवटी तो बँकेची रोकड बाहेर काढतो, त्यावर नफा मिळवतो आणि सोमवारी परत ठेवतो.

चित्रपट विलक्षण गुंतवून ठेवतो. मध्यमवर्गीय संसारातली ओढाताण त्यात खरी उतरली आहे आणि मीनाक्षी चौधरी यांनी केलेली पत्नीची भूमिकाही चांगली आहे. पण बँकेत उमेद घालवलेला कोणीही पहिल्याच प्रसंगाला थबकेल. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघांशिवाय ती उघडत नाही आणि दिवसाअखेर रोकड दोघांनी मोजून सह्या करायच्या असतात. म्हणजे एकट्या भास्करच्या हुशारीने हे घडत नसते. दुसऱ्या किल्लीवाल्याचा आळस, भिडस्तपणा किंवा वाटा असल्याशिवाय घडत नाही. चित्रपटाने त्या दुसऱ्या किल्लीची गोष्ट सांगायला हवी होती.

त्याहून मोठा आक्षेप शेवटाला आहे. भास्कर सुखरूप सुटतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. चित्रपट घरच्या पडद्यावर येऊन तीन महिनेही झाले नसतील, तोच फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी रुपयांची रोकड कमी असल्याची फिर्याद नोंदवली गेली. रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले आणि शाखांच्या दारांशी ठेवीदारांच्या रांगा लागल्या. त्या रांगांत निवृत्तिवेतनावर जगणारे होते, मुलीच्या लग्नासाठी मुदतठेव मोडायला आलेले होते. नावेची बाजू म्हणतात ती हीच.

दोन माहितीपर पाहण्या

नेटफ्लिक्सची 'बॅड बॉय बिलियनेअर्स' ही २०२० ची माहितीपटमालिका आहे. तिच्यातला नीरव मोदींवरचा भाग व्यापाऱ्यांनी अवश्य पाहावा. पालनपूरच्या हिरेव्यापाऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची पत, चिठ्ठीवर लाखोंचा माल देण्याची रीत, आणि त्या पतीच्या छायेत एका घराण्याचा झगमगाट कसा फुलला, हे त्यातून दिसते. पंजाब नॅशनल बँकेचे १३ हजार कोटींहून मोठे प्रकरण २०१८ मध्ये उघड झाले. हमीपत्रांचे संदेश परदेशी बँकांना स्विफ्ट यंत्रणेतून जात होते, आणि ती यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला जोडलेलीच नव्हती. त्यामुळे संदेश गेला तरी वहीत नोंद झाली नाही. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशी हमीपत्रे देणेच बंद केले. त्याचा फटका प्रामाणिक आयातदारांनाही बसला, कारण स्वस्त परदेशी कर्जाची सोय एकाएकी संपली. एकाने मोडलेल्या पतीची किंमत सगळ्या पेठेने मोजली, हा मुद्दा माहितीपटात यायला हवा होता.

दुसरी 'जामतारा'. झारखंडमधल्या जामतारा जिल्ह्यातून चालणाऱ्या फोनवरच्या फसवणुकीवर सौमेंद्र पाधी यांनी ती केली. पहिला भाग जानेवारी २०२० चा, दुसरा २०२२ चा. भाषा फार खडबडीत आहे आणि हिंसाही आहे, त्यामुळे ती मुलांसाठी नाही. मात्र फसवणारा कसा बोलतो, घाई कशी लावतो आणि भीती कशी घालतो, हे त्यात अचूक टिपले आहे. आता प्रकार पुढे गेला आहे. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन ज्येष्ठांना 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचे सांगतो. भारताच्या कायद्यात फोनवरून अटक असा प्रकारच नाही. असा फोन आल्यास तो बंद करावा, घरातल्या माणसाला सांगावे आणि पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तक्रार पोचली, तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते. आजी-आजोबांना मालिका दाखवली नाही तरी चालेल, हा क्रमांक फोनजवळ लिहून ठेवावा.

जी मालिका व्हायला हवी

निर्माते विषयाच्या शोधात असतील तर त्यांनी एकदा नवी मुंबईकडे पाहावे. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा आरोप त्या प्रकरणात आहे. ठेवीदारांना आधार उरला तो ठेव विम्याचा. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एका लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून बहुसंख्य ठेवीदार तरले. ज्यांची ठेव त्याहून मोठी होती, त्यांची गोष्ट निराळी. हा विमा एका बँकेतल्या एकाच नावाच्या आणि एकाच हक्काच्या सर्व शाखांतल्या ठेवी एकत्र धरून, व्याजासह, पाच लाखांपर्यंत मिळतो. शाखा बदलली म्हणून मर्यादा वाढत नाही. 'सगळा पैसा ओळखीच्या बँकेत' ठेवणाऱ्या कुटुंबांनी हे एकदा शांतपणे तपासावे.

जानेवारी २०२५ मध्ये टोरेस या दागिन्यांच्या दुकानांचे प्रकरण गाजले. दादरला मोठे दालन, नवी मुंबईतही शाखा, कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आश्वासन. काही आठवडे पैसे मिळाले, मग मिळेनासे झाले आणि दुकानांपुढे गर्दी जमली. प्रकरण तपासयंत्रणांकडे आणि न्यायालयात आहे. भाजीविक्रेत्यांपासून नोकरदारांपर्यंत अनेकांनी त्यात पैसे घातले होते. आठवड्याला सहा टक्के म्हणजे वर्षाला, चक्रवाढ न धरताही, तीनशे टक्क्यांच्या वर. घाऊक बाजारात शेकडा दोन-तीन टक्क्यांच्या नफ्यासाठी पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाने हा गुणाकार केला असता, तर त्याचे पाऊल तिथेच थांबले असते.

या कथांत देखणा नायक नाही, मोटारी नाहीत, संगीत वाजवावे असा क्षणही नाही. पासबुक छातीशी धरून उभी असलेली माणसे आहेत. एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाने ती बाजू दाखवली, तर पैशाची गोष्ट प्रथमच पुरी सांगितली जाईल.

आणि एक मातीची पेटी

तोवर घरातल्या सगळ्यांनी मिळून काय पाहावे? उत्तर सोपे आहे. सोनी लिव्हवरची 'गुल्लक'. २०१९ पासून तिची चार पर्वे आली. प्रत्येकात मोजकेच भाग, प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपास. उत्तरेतल्या एका लहान शहरातले मिश्रा कुटुंब, वीज खात्यात नोकरी करणारे वडील, दोन मुले, आणि कथा सांगणारी त्या घरातली पैसे साठवायची मातीची पेटी. जमील खान आणि मराठी रंगभूमीवरून गेलेल्या गीतांजली कुलकर्णी यांची जोडी पाहताना घराघरांतले नवरा-बायको आठवतात. 'कोर्ट' या मराठी चित्रपटात गीतांजली कुलकर्णी यांनी सरकारी वकील उभी केली होती. इथे त्या स्वयंपाकघरातून सारे घर चालवतात.

या मालिकेत घोटाळा नाही. वीजबिल आहे, पाहुण्यांचा खर्च आहे, मोठ्या मुलाची पहिली नोकरी आहे, लाच घ्यावी की न घ्यावी असा लहानसा पेचही आहे. वरच्या मालिकांत कोटींच्या खाली आकडा उतरत नाही. इथे शंभराची नोट खर्च करताना दोन माणसे बोलतात, भांडतात, आणि मग एकमेकांकडे पाहून हसतात. खर्च कोणाच्या नावे पडतो हे त्या घरात प्रत्येकाला माहीत असते. धंदेवाईक घरांत पैशाविषयी मुलांशी फार कमी बोलले जाते. मुलाला एकदम गल्ल्यावर बसवले जाते किंवा एकदम परदेशी शिकायला पाठवले जाते. ती बोलणी सुरू करायला 'गुल्लक'सारखे निमित्त नाही.

शेवटी एक सूचना. २०२१ च्या नियमांनुसार घरच्या पडद्यावरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयोगटाची खूण असते, सर्वांसाठी, ७, १३ आणि १६ वर्षांवरील, आणि केवळ प्रौढांसाठी. तेरा वर्षांवरील गटापासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. बहुतेक घरांत ते कुलूप कधी लावलेलेच नसते, कारण ते कसे लावायचे हे फक्त मुलांना ठाऊक असते. एखाद्या रविवारी त्यांच्याकडूनच ते लावून घ्यावे. 'स्कॅम १९९२' सोळा वर्षांच्या पुढच्या मुलांसोबत मोठ्यांनी बसून पाहावी आणि पाहून झाल्यावर कागद-पेन घेऊन एकदा दोन रकाने पाडावेत. जमा कोणाकडे झाले ते मुले भराभर लिहितील. नावे कोणाच्या पडले, तो रकाना भरायला त्यांना वेळ लागेल. तो वेळ त्यांना द्यावा.